व्हीस्फिअर ७ वरून ८ वर: चालू क्लस्टर न पाडता अपग्रेड कसं करायचं

"एक होस्ट ८ वर नेला, आता तो व्हीसेंटरमध्ये परत जोडलाच जात नाहीये, काय करू?" हा प्रश्न इतक्या जणांकडून आलाय की शेवटी सगळं एकदा बसून लिहून काढतोय. (नवीन असाल तर: व्हीस्फिअर हे व्हीएमवेअरचं व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर. ज्या सर्व्हरवर त्यातलं ईएसएक्सआय टाकून व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवतात तो होस्ट, असे होस्ट मिळून क्लस्टर, आणि हे सगळं एका जागेवरून सांभाळतं ते व्हीसेंटर.) उत्तर सोपं आहे, व्हीसेंटर नेहमी होस्टच्या बरोबरीचं किंवा त्याच्या पुढचं व्हर्जन असायला लागतं, व्हीसेंटर ७ ला ईएसएक्सआय ८ चा होस्ट सांभाळता येत नाही. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. जी अपग्रेड फसतात त्यातली बरीचशी इन्स्टॉलर चालू करायच्या आधीच फसलेली असतात, डीएनएस अर्धवट असतं, सर्टिफिकेट संपत आलेलं असतं, क्लस्टरमध्ये एक होस्ट बाहेर काढण्याइतकी मेमरी नसते, आणि हे सगळं आपल्याला कळतं रात्री दोन वाजता, मेंटेनन्स विंडो चालू असताना. म्हणून इथे तयारीवर जास्त लिहिलंय आणि बटणं दाबण्यावर कमी.

व्हीस्फिअर ७ चा जनरल सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ८ चा ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. काही जण म्हणतात आम्ही सरळ ९ वर जाऊ, तर ७ वरून थेट ९ वर जाता येत नाही, मधे ८ करावंच लागतं.

पूर्ण क्रम आधी डोक्यात बसवा: व्हीसेंटरला जोडलेली बाकीची सॉफ्टवेअर (बॅकअप, मॉनिटरिंग, नेटवर्कसाठी एनएसएक्स असेल तर ते), मग व्हीसेंटर, मग सर्व्हरचं फर्मवेअर आणि होस्ट, मग व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत टाकायचे ड्रायव्हर वगैरे), आणि सगळ्यात शेवटी त्या गोष्टी ज्या मागे घेता येत नाहीत, म्हणजे व्हर्च्युअल हार्डवेअर, डिस्ट्रिब्युटेड स्विचचं (सगळ्या होस्टना सामायिक असलेला व्हर्च्युअल स्विच) व्हर्जन, व्हीसॅनचा (होस्टच्या डिस्क एकत्र करून बनवलेलं स्टोरेज) डिस्क फॉरमॅट. मागे फिरता न येणारं काम शेवटी, एवढं एक तत्त्व पकडलं तरी क्रम आपोआप आठवतो.

## टप्पा १: कंपॅटिबिलिटी, आणि ती अंदाजाने नाही

प्रत्येक होस्टसाठी एक ओळ, अशी एक शीट करा. सर्व्हरचं मॉडेल, सीपीयू, स्टोरेज कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, एचबीए (स्टोरेजला जोडणारं कार्ड), आणि कार्डांच्या बाबतीत फर्मवेअर आणि ड्रायव्हर दोन्हीची व्हर्जन. मग ब्रॉडकॉमच्या (व्हीएमवेअर आता त्यांचंच आहे) कंपॅटिबिलिटी गाइडमध्ये एकेक शोधायचं. "हे कार्ड सपोर्टेड आहे" एवढ्यावर थांबू नका, कुठल्या फर्मवेअरबरोबर कुठला ड्रायव्हर चालतो ही जोडी तिथे दिलेली असते आणि गडबड या जोडीतच होते. ड्रायव्हर नवा आणि फर्मवेअर तीन वर्षं जुनं असेल तर होस्ट बूट होतो, दोन दिवस छान चालतो, आणि लोड आला की लिंक पडायला लागते.

सीपीयूचं बघा. ८ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिजसारख्या जुन्या पिढ्या काढून टाकल्यात, इन्स्टॉलर पुढेच जाऊ देत नाही. बूट ऑप्शन देऊन ते डावलता येतं हे खरंय, पण ते लॅबपुरतं ठेवा, प्रॉडक्शनमध्ये तसं चालवलंत आणि काही झालं तर सपोर्ट मिळत नाही.

बूट डिस्कही बघा. ईएसएक्सआय ७ पासून बूट डिव्हाइसवर लिहिणं खूप वाढलंय, एसडी कार्डं आणि यूएसबी स्टिका त्यामुळे मरतात. किमान ३२ जीबीची नीट डिस्क हवी. होस्ट अजून एसडी कार्डावर असतील तर अपग्रेडच्या निमित्ताने त्यांना एसएसडीवर हलवून घ्या, हे काम पुढे ढकललेल्यांना कार्ड मेल्यावर ते घाईघाईत करावं लागलेलं मी पाहिलंय.

थांबा: तुमचा ७ चा बिल्ड आणि टार्गेट ८ चा बिल्ड, दोघांच्या रिलीजच्या तारखा ताडून बघा. ७ चा पॅच नवा आणि ८ चा बिल्ड त्याच्या आधीचा असं असेल तर तो अपग्रेड सपोर्टेड नाही, कारण ७ मध्ये आलेले फिक्स त्या ८ मध्ये नसतात. याला बॅक-इन-टाइम अपग्रेड म्हणतात. ७ ला आधी लेटेस्ट पॅच मारायचा आणि मग महिन्यांपूर्वी डाउनलोड करून ठेवलेली ८ ची आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क-फाइल) लावायची, यात लोक हमखास अडकतात.

लायसन्स कीचंही आत्ताच बघा, ७ ची की ८ ला चालत नाही. अपग्रेडनंतर ६० दिवस इव्हॅल्युएशनमध्ये सगळं सुरळीत दिसतं त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, ६० दिवस संपले की होस्ट व्हीसेंटरमधून डिस्कनेक्ट होतात, चालू व्हीएम चालत राहतात पण एकदा बंद झालेला व्हीएम परत ऑन होत नाही.

## टप्पा २: लॅबमध्ये रंगीत तालीम

हा टप्पा वेळ नाही म्हणून सोडला जातो, आणि मला वाटतं शिकण्याच्या दृष्टीने हाच सगळ्यात मोलाचा आहे. ट्रेनिंगच्या स्लाइड्स बघून हात बसत नाही.

नेस्टेड लॅब, म्हणजे व्हीएमच्या आतच ईएसएक्सआय चालवणारी, पुरते. एका होस्टवर तीन व्हीएम बनवायच्या, त्यात ईएसएक्सआय ७ टाकायचं, व्हीएमच्या सीपीयू सेटिंगमध्ये हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन आतल्या ओएसला दाखवायचा ऑप्शन ऑन करायचा, आणि त्या ज्या पोर्टग्रुपवर (व्हर्च्युअल स्विचवरचा पोर्टांचा गट) आहेत तिथे प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स अॅक्सेप्ट ठेवायचे, नाहीतर आतल्या व्हीएमना नेटवर्कच मिळत नाही आणि माणूस दोन तास चुकीच्या जागी शोधत बसतो. प्रत्येक नेस्टेड होस्टला ८ जीबी किमान. व्हीसेंटर टायनी साइजमध्ये ७ ला १२ जीबी आणि ८ ला १४ जीबी घेतं, आणि अपग्रेडच्या वेळी जुनं आणि नवं दोन्ही एकदम चालू असतात, म्हणजे २६ जीबी फक्त व्हीसेंटरसाठीच बाजूला काढा.

मग एकदा सरळ अपग्रेड करून बघा आणि लगेच सगळं मागे नेऊन दुसऱ्यांदा करा, पण या वेळी मुद्दाम मोडून: डीएनएसचा रिव्हर्स रेकॉर्ड काढून टाका, एका होस्टचं घड्याळ दहा मिनिटं मागे करा, एका व्हीएमला लोकल डेटास्टोरवर (त्याच होस्टच्या स्वतःच्या डिस्कवर) ठेवा. एरर कसा दिसतो, कुठल्या स्टेपला येतो, लॉगमध्ये काय लिहिलेलं असतं हे एकदा शांतपणे पाहिलेलं असलं की प्रॉडक्शनमध्ये तोच एरर आल्यावर हात थरथरत नाही. बॅकअपमधून व्हीसेंटर रिस्टोअर करायची प्रॅक्टिसही इथेच करा, कितीतरी चांगले अॅडमिन असे आहेत ज्यांनी बॅकअप रोज घेतलाय पण रिस्टोअर आयुष्यात एकदाही केलेलं नाही.

## टप्पा ३: व्हीसेंटरची तब्येत

अपग्रेडच्या निदान आठवडाभर आधी हे बघून ठेवा, त्याच रात्री नाही.

डीएनएस: व्हीसेंटरच्या नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही बाजूंनी बरोबर यायला हवं. प्रत्येक होस्टसाठीही हेच. स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल सगळं एकसारखं ठेवा.

वेळ: व्हीसेंटर आणि सगळे होस्ट एकाच एनटीपी (घड्याळ जुळवणाऱ्या) सोर्सवर. सर्व्हिस चालू आहे म्हणजे वेळ बरोबर आहे असं नाही, प्रत्येकाची वेळ प्रत्यक्ष बघा.

पासवर्ड: अप्लायन्सच्या (व्हीसेंटर ज्या तयार व्हीएममध्ये चालतं तो) रूट अकाउंटचा पासवर्ड बाय डिफॉल्ट ९० दिवसांनी एक्सपायर होतो. ५४८० पोर्टवरच्या मॅनेजमेंट पेजवर लॉगिन करून बघा. एसएसओ (व्हीसेंटरची लॉगिन यंत्रणा) अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डही कुणाच्या तरी डोक्यात नाही तर व्हॉल्टमध्ये आहे ना, ते बघा.

सर्टिफिकेट: मशीन एसएसएलची तारीख तर बघाच, पण एसटीएस (लॉगिनचे टोकन देणारी सर्व्हिस) साइनिंग सर्टिफिकेट विसरू नका. काही जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याची मुदत फक्त दोन वर्षांची होती, आणि ते संपलं की लॉगिनच होत नाही. संपायच्या बेतात असेल तर आधी ७ वर असतानाच रिन्यू करा, सर्व्हिसेस रिस्टार्ट करा, दोन दिवस जाऊ द्या, मग अपग्रेडचं बघा.

डिस्क: लॉगचं पार्टिशन भरलेलं असेल तर मोकळं करा. आर्काइव्हचं पार्टिशन मात्र भरलेलंच दिसतं, ते तसंच असतं, घाबरून तिथल्या फाइल उडवू नका.

तपासा: मॅनेजमेंट पेजवर हेल्थ हिरवी, क्लस्टरवर लाल अलार्म एकही नाही. लाल अलार्म असताना "तो नेहमीचाच आहे" म्हणून पुढे जाऊ नका, नेहमीचा असेल तर आज सोडवा.

## टप्पा ४: परत येण्याची वाट

पहिली गोष्ट फाइल-बेस्ड बॅकअप, ५४८० च्या पेजवरून, व्हीसेंटरच्या बाहेर दुसऱ्या मशीनवर. हा बॅकअप रिस्टोअर करायला त्याच व्हर्जनचा, त्याच बिल्डचा इन्स्टॉलर लागतो. म्हणजे ८ ची आयएसओ डाउनलोड केली तशी तुमच्या सध्याच्या ७ च्या बिल्डची आयएसओही हाताशी ठेवा. बॅकअप आहे पण इन्स्टॉलर नाही, आणि रात्री डाउनलोड पोर्टलवर जुना बिल्ड शोधतोय, ही वेळ येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट स्नॅपशॉट. एकटंच व्हीसेंटर असेल तर बंद करून स्नॅपशॉट घ्या. दोन-तीन व्हीसेंटर एन्हान्स्ड लिंक्ड मोडमध्ये (एकमेकांना जोडून एकाच लॉगिनखाली) असतील तर सगळी एकदम बंद करायची, सगळ्यांचे स्नॅपशॉट घ्यायचे, मग चालू करायची.

थांबा: लिंक्ड मोडमध्ये फक्त एकाच व्हीसेंटरला स्नॅपशॉटवरून मागे नेऊ नका. बाकीची व्हीसेंटर पुढे गेलेली असतात, हे एक भूतकाळात जातं, आणि त्यांच्यातलं रेप्लिकेशन बिघडतं. मागे जायचं तर सगळ्यांनी एकत्र.

तिसरी गोष्ट डिस्ट्रिब्युटेड स्विचची कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट. दोन मिनिटांचं काम आहे.

चौथी, आणि ही मी अंगावर घेऊन शिकलोय: टीपीएमची (सर्व्हरमधली चाव्या सांभाळणारी सिक्युरिटी चिप) रिकव्हरी की. ७.० अपडेट २ पासून होस्टमध्ये टीपीएम असेल तर ईएसएक्सआय आपली कॉन्फिगरेशन एन्क्रिप्ट करून ठेवतं आणि चावी टीपीएममध्ये असते. मी एका होस्टचं फर्मवेअर अपडेट करायला घेतलं, बायॉसमध्ये एका स्क्रीनवर टीपीएम क्लिअर करू का असं विचारलं, मी न वाचता हो म्हटलं. होस्ट वर आला तो थेट जांभळ्या स्क्रीनवर, सिस्टम कॉन्फिगरेशन रिस्टोअर करता येत नाही, सिक्युरिटी व्हायोलेशन, असा मेसेज. की असती तर बूट ऑप्शनमध्ये टाकून पाच मिनिटांत होस्ट उभा राहिला असता. नव्हती, त्यामुळे नव्याने इन्स्टॉल करून सगळे व्हीएमकर्नल अॅडाप्टर (होस्टचे स्वतःचे नेटवर्क इंटरफेस), आयस्कझी स्टोरेजची बाइंडिंग, सगळं हाताने परत बांधलं, सकाळ झाली. की लिहून ठेवा म्हणून व्हीसेंटर अलार्म देतं, तो अलार्म अॅक्नॉलेज करून गप्प करायचा नाही, प्रत्येक होस्टवर ईएसएक्ससीएलआय या कमांडने की काढून सुरक्षित जागी ठेवायची. मदरबोर्ड बदलला तरी हीच की लागते.

होस्टच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअपही घ्या, फक्त तो त्याच बिल्डवर रिस्टोअर होतो हे लक्षात असू द्या.

## टप्पा ५: व्हीसेंटर अपग्रेड

७ वरून ८ हा इन-प्लेस पॅच नाही. इन्स्टॉलर नवीन अप्लायन्स उभं करतो, त्याला तात्पुरता आयपी देतो, जुन्यातला डेटा तिकडे ओततो, मग जुनं बंद करून नवं जुन्याचं नाव आणि आयपी घेतं. हे समजलं की बाकीच्या अटी का आहेत ते आपोआप कळतं.

१. तात्पुरता आयपी त्याच सबनेटमधला घ्या आणि तो खरंच मोकळा आहे का ते बघा. जुन्या आणि नव्या अप्लायन्समध्ये ४४३ आणि २२ हे पोर्ट उघडे लागतात.

२. जुनं व्हीसेंटर ज्या क्लस्टरमध्ये आहे त्याचं डीआरएस (लोड बघून व्हीएम आपोआप होस्टांमध्ये हलवणारं) फुली ऑटोमेटेडवरून खाली आणा. डीआरएस पूर्ण बंद करू नका, रिसोर्स पूल असतील तर ते उडतात. नुसतं मॅन्युअल किंवा पार्शियली करा. व्हीसेंटर कुठल्या होस्टवर आहे ते कागदावर लिहून ठेवा.

३. बॅकअप जॉब पॉज करा.

४. पहिली स्टेज, डिप्लॉय. टार्गेट म्हणून थेट होस्ट दिलात तर नेटवर्कच्या यादीत डिस्ट्रिब्युटेड स्विचचे फक्त इफेमरल बाइंडिंगवाले (व्हीसेंटरशिवायही वापरता येणारे) पोर्टग्रुप दिसतात. "माझा पोर्टग्रुप यादीत येतच नाही" याचं उत्तर हे. एक इफेमरल पोर्टग्रुप कायमचा बनवूनच ठेवा, व्हीसेंटर पडलेलं असताना एखाद्या व्हीएमला नेटवर्क द्यायची वेळ आली की तोच कामाला येतो.

५. पहिली स्टेज झाली की थांबून नव्या अप्लायन्सचा स्नॅपशॉट घ्या. दुसरी स्टेज फसली तर डिप्लॉयपासून सुरुवात करावी लागत नाही.

६. दुसरी स्टेज, डेटा कॉपी. आधी प्री-चेक होतो, त्यातले वॉर्निंग खरोखर वाचा. मग काय काय न्यायचं ते विचारतो: नुसती कॉन्फिगरेशन आणि इन्व्हेंटरी, की टास्क-इव्हेंटही, की परफॉर्मन्सची जुनी आकडेवारीही. ऑडिटसाठी जुने इव्हेंट लागत नसतील तर कमीत कमी न्या, वेळ बराच वाचतो.

या सगळ्या वेळात व्हीएम चालूच असतात. एचए (होस्ट पडला तर त्याचे व्हीएम दुसरीकडे चालू करणारं) पण काम करतं, कारण त्याचा एजंट होस्टवर असतो. डीआरएस, व्हीमोशन (चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं), बॅकअप आणि नवीन व्हीएम बनवणं एवढं मात्र थांबलेलं असतं, हे संबंधित लोकांना आधी सांगून ठेवा.

थांबा: फसलं तर नवं बंद करा, मग जुनं चालू करा. दोन्ही एकाच वेळी नेटवर्कवर कधीच नकोत. आणि बंद असलेलं जुनं अप्लायन्स कुणी चुकून ऑन करू नये म्हणून त्याच्या नेटवर्क कार्डचं "पॉवर ऑनला कनेक्ट" काढून ठेवा.

तपासा: लॉगिन, सगळे होस्ट कनेक्टेड, डेटास्टोर दिसतायत, एक व्हीमोशन करून बघा, बॅकअप सॉफ्टवेअरमधून एका छोट्या व्हीएमचा बॅकअप घेऊन बघा. हे सगळं झाल्यावर घरी जा. त्याच रात्री होस्टना हात लावू नका. व्हीसेंटर ८ खाली ईएसएक्सआय ७ चे होस्ट व्यवस्थित चालतात, आठवडा गेला तरी चालतो, आणि मधे आठवडा गेला की जे बिघडलंय ते व्हीसेंटरमुळे की होस्टमुळे हा गोंधळ राहत नाही.

## टप्पा ६: एक होस्ट बाहेर काढता येतो का

कागदावर गणित करा. समजा तीन होस्ट आहेत, प्रत्येकी ५१२ जीबी, आणि व्हीएम मिळून प्रत्यक्षात ११५० जीबी वापरतायत. तिन्ही चालू असताना १५३६ पैकी ११५०, साधारण ७५ टक्के, स्क्रीनवर हिरवंगार दिसतं. एक काढला की उरले १०२४, आणि व्हीएमना हवेत ११५०. मग बलूनिंग (व्हीएमकडून मेमरी परत काढून घेणं), त्यानंतर स्वॅप, आणि डेटाबेसवाले फोन करायला लागतात. अशा वेळी टेस्टचे व्हीएम त्या रात्रीपुरते बंद करायची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

व्हीमोशन खरंच चालतं का ते प्रत्येक होस्टकडून प्रत्येक होस्टकडे एक छोटा व्हीएम फिरवून बघा. जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पॅकेट) वापरत असाल तर होस्टवरच्या व्हीएमकेपिंग कमांडने फ्रॅगमेंट न करता ८९७२ बाइटचं पिंग करा, ९००० मधून आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे २८ गेले की तेवढेच उरतात. साधं पिंग जातं, हे जात नाही, म्हणजे मधल्या कुठल्यातरी स्विच पोर्टवर एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) १५०० राहिलाय. असं असलं की व्हीमोशन सुरू होतं, थोडं पुढे जातं आणि तिथेच लटकतं, आणि लोक दोष देतात होस्टला.

आता मेंटेनन्स मोड (होस्टवरचे व्हीएम हलवून तो कामासाठी रिकामा करणं) २ टक्क्यांवर अडकण्याबद्दल. याचा अर्थ जवळपास नेहमी एकच, कुठलातरी व्हीएम हलू शकत नाहीये. कारणं ठरलेली आहेत: होस्टच्या लोकल डेटास्टोरवरची आयएसओ सीडी ड्राइव्हला जोडलेली, टूल्सचा इन्स्टॉलर माउंट करून तसाच सोडलेला, व्हीएमची डिस्कच लोकल डेटास्टोरवर, पीसीआय पासथ्रू, "याच होस्टवर चालला पाहिजे" असा मस्ट रूल, एखाद्या व्हीएमला वेगळं दिलेलं डीआरएस मॅन्युअल सेटिंग, आणि बॅकअप प्रॉक्सीला दुसऱ्या व्हीएमच्या डिस्क हॉट-अॅड होऊन तशाच राहिलेल्या. हे सगळं दिवसा शोधून काढा. व्हीसीएलएसचे (क्लस्टरच्या सेवांसाठी व्हीसेंटरने स्वतः बनवलेले) छोटे व्हीएम दिसले तर त्यांना हात लावू नका, ते आपलं आपण हलतात.

डीआरएस तुमच्या लायसन्समध्ये नसेल तर व्हीएम हाताने हलवायचे, मग कुठला कुठे जाणार याची यादी आधी करा.

## टप्पा ७: पहिला होस्ट, आणि फक्त पहिला

आता होस्ट अपडेट करायला बेसलाइन (लावायच्या पॅचची यादी) की इमेज हा निर्णय. ८ मध्ये बेसलाइन चालतात पण त्या डेप्रिकेटेड आहेत आणि ९ मध्ये काढून टाकल्यात, त्यामुळे कधीतरी इमेजवर जायचंच आहे. इमेज म्हणजे ईएसएक्सआयचा बेस, त्यावर सर्व्हर व्हेंडरचं अॅड-ऑन, हवं तर फर्मवेअर-ड्रायव्हरचं पॅकेज, आणि सुटे कंपोनंट. माझं मत, इमेजवर जा पण आधी लॅबमध्ये करून मगच.

थांबा: क्लस्टर एकदा इमेजवर नेला की परत बेसलाइनवर आणता येत नाही. आणि इमेजमध्ये नसलेला सुटा व्हीआयबी (ईएसएक्सआयचं सॉफ्टवेअर पॅकेज) होस्टवर असेल, उदाहरणार्थ स्टोरेज कंपनीचा मल्टिपाथिंग प्लगइन, तर रेमेडिएट करताना (होस्टवर इमेज लावताना) तो उडतो. स्क्रीनवर वॉर्निंग येतं, पण पिवळ्या त्रिकोणाकडे बघायची सवय गेलेली असते. होस्टवरच्या व्हीआयबींची यादी काढा, व्हेंडरच्या नावाने लावा, आणि प्रत्येक बिगर-व्हीएमवेअर नावासमोर हे कशाला आहे ते लिहा.

कमांड लाइनने करणाऱ्यांसाठी: प्रोफाइल अपडेट वेगळं आणि प्रोफाइल इन्स्टॉल वेगळं. अपडेट तुमचे व्हेंडरचे ड्रायव्हर ठेवतं, इन्स्टॉल नवीन प्रोफाइलमध्ये नसलेलं सगळं काढून टाकतं. आधी ड्राय-रन देऊन काय निघणार ते वाचा.

पहिल्या होस्टचा क्रम असा.

१. अपग्रेड करण्याआधी त्या होस्टवर प्रत्येक लनला (स्टोरेजवरून मिळालेली डिस्क) किती पाथ आहेत, कुठले अपलिंक कुठल्या स्पीडवर आहेत, व्हीएमकर्नल अॅडाप्टर किती, याचे स्क्रीनशॉट घ्या.

२. मेंटेनन्स मोड. व्हीसॅन असेल तर आधी हेल्थ हिरवी आणि रीसिंक (डेटाच्या कॉपी परत जुळवणं) शून्य आहे ते बघा, मग "एन्शुअर अॅक्सेसिबिलिटी" हा ऑप्शन.

३. नुसता एकदा रिबूट करा. काही न बदलता. कित्येक होस्ट दोन-दोन वर्षं रिबूट झालेले नसतात, डिस्क किंवा मेमरीची जुनी दुखणी रिबूटलाच वर येतात. ती आत्ता आली तर निदान अपग्रेडमुळे नाहीत हे तरी कळतं.

४. फर्मवेअर, टप्पा १ च्या शीटमध्ये लिहिलंय तेच व्हर्जन. टीपीएमबद्दल काही विचारलं तर नीट वाचा.

५. ईएसएक्सआय अपग्रेड, रिबूट.

६. मेंटेनन्स मोडमधून बाहेर काढायच्या आधी स्क्रीनशॉटशी ताळा. चार पाथ होते तर चारच हवेत. दोन दिसले तर व्हीएम चालतील, काही तक्रार येणार नाही, आणि एखाद्या दिवशी एक फॅब्रिक स्विच गेला की सगळं एकदम पडेल.

७. बाहेर काढा, डीआरएस अजून मॅन्युअलच ठेवा, दोन-तीन कमी महत्त्वाचे व्हीएम हाताने त्यावर आणा आणि एक-दोन दिवस राहू द्या.

त्या दिवसांत ईएसएक्सटॉप (होस्टचा परफॉर्मन्स दाखवणारं टूल) उघडून बघा. डिस्कच्या व्ह्यूमध्ये केएव्हीजी (होस्टच्या कर्नलमध्ये लागणारा सरासरी वेळ) २ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला तर होस्टच्या आत, क्यू किंवा ड्रायव्हरमध्ये काहीतरी आहे, डीएव्हीजी (डिव्हाइसकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढला तर होस्टच्या बाहेर, केबल-स्विच-स्टोरेजकडे बघा. सीपीयूचा रेडी टाइम (व्हीएमला सीपीयूची वाट बघत थांबावं लागणारा वेळ) एका व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांच्या वर राहायला लागला तर लक्ष द्या. हे आकडे अपग्रेडच्या आधीही लिहून ठेवलेले असतील तरच त्यांना अर्थ आहे, म्हणून आधीचे घ्याच.

अपग्रेड केलेला होस्ट नीट बूटच झाला नाही तर बूट होताना शिफ्ट आणि आर दाबून आधीच्या बूटबँकवर (होस्टवर राहिलेली जुन्या व्हर्जनची कॉपी) जाता येतं, पण एवढ्यावरच विसंबू नका. एक होस्ट नव्याने इन्स्टॉल करायला किती वेळ लागतो ते माहीत असलेलं बरं, लॅबमध्ये घड्याळ लावून बघा.

## टप्पा ८: बाकीचे होस्ट

इथे नवीन काही नाही, तेच परत, एकावेळी एक. लाइफसायकल मॅनेजरला (व्हीसेंटरमधलं होस्ट अपडेट करणारं टूल) पूर्ण क्लस्टर दिला तर तो एकामागून एक करतो, पण मी स्वतः दुसरा आणि तिसरा होस्टही एकेक निवडून करतो, मग उरलेले सोडून देतो.

व्हीसॅनवाल्यांनी मात्र घाई करू नये. होस्ट ६० मिनिटांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिला तर व्हीसॅन त्याचा डेटा दुसरीकडे नव्याने बांधायला घेतं, फर्मवेअरसकट एका होस्टला तासापेक्षा जास्त लागतो हे लॅबमध्ये किंवा पहिल्या होस्टला दिसलं असेल तर तो टायमर आधीच वाढवा. आणि होस्ट परत आल्यावर रीसिंक पूर्ण शून्यावर येईपर्यंत दुसरा होस्ट काढायचा नाही. रीसिंक चालू असताना दुसरा होस्ट काढला की काही ऑब्जेक्टची एकही पूर्ण ताजी कॉपी चालू राहत नाही, आणि तेव्हा व्हीएम अडकतात.

तपासा: सगळे होस्ट एकाच बिल्डवर, डीआरएस परत फुली ऑटोमेटेड, एचएचं अॅडमिशन कंट्रोल (होस्ट पडला तर पुरेल एवढी जागा राखणारं) बंद केलं असेल तर परत चालू, व्हीसॅनचा टायमर परत ६० वर.

## टप्पा ९: जे मागे घेता येत नाही

टूल्स आधी, व्हर्च्युअल हार्डवेअर नंतर, हा क्रम उलटा करू नका. हार्डवेअर आधी बदललं आणि आतल्या ओएसमध्ये ड्रायव्हर जुने, तर नेटवर्क कार्ड नवीन म्हणून दिसू शकतं आणि स्टॅटिक आयपी जातो. लिनक्समध्ये ओपन-व्हीएम-टूल्स असतील तर ते डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरनेच अपडेट करा, होस्टवरून ढकलू नका.

हार्डवेअर व्हर्जन ८.० साठी २० आणि ८.० अपडेट २ पासून २१. व्हीएम बंद करावा लागतो, आणि नंतर तो जुन्या होस्टवर चालत नाही, डीआर साइटवर (आपत्तीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या जागेवर) ७ चे होस्ट असतील तर तिथे रेप्लिकेट झालेला व्हीएम ऑन होणार नाही हे कित्येकांना ड्रिलच्या दिवशीच कळतं. एखादं नवं फीचर हवंय म्हणूनच हार्डवेअर वाढवा, व्हर्जन जुनं दिसतं म्हणून सरसकट सगळ्यांचं करू नका.

डिस्ट्रिब्युटेड स्विच आणि व्हीसॅनचा डिस्क फॉरमॅट, दोन्हीला सगळे होस्ट ८ वर असायला लागतात आणि दोन्ही परत खाली येत नाहीत. महिनाभर शांततेत गेला की करा.

## टप्पा १०: आवराआवर

व्हीसेंटरचे स्नॅपशॉट तीन दिवसांच्या आत काढा. स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते, आणि डेटास्टोर भरला की त्यावरचे बाकीचे व्हीएमही थांबतात. जुनं बंद अप्लायन्स मात्र दोन-तीन आठवडे राहू द्या.

लायसन्स की लावा आणि लायसन्स पेजवर एकही होस्ट इव्हॅल्युएशनमध्ये राहिला नाही ना ते बघा. बॅकअप जॉब परत चालू करा, पॉज केलेले जॉब विसरणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, कारण ती रिस्टोअर मागितल्याशिवाय दिसत नाही. व्हीसेंटरच्या स्वतःच्या फाइल-बेस्ड बॅकअपचं शेड्यूल नव्या अप्लायन्सवर आहे ना ते उघडून बघा, एक बॅकअप हाताने चालवा, आणि ८ च्या या बिल्डची इन्स्टॉलर आयएसओ त्याच बॅकअपच्या फोल्डरशेजारी ठेवून द्या.